चाकांवरचे घर

माणसाला राहण्यासाठी किती जागा लागते, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु ज्याच्यापाशी स्वतःची तेवढीही जागा नाही, त्याने रात्री थांबावे कोठे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आम्हांलाही तो आपण होऊन सुचला नसता. २०२३ सालच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू रजेवर गेले असता तीन महिने त्यांच्या जागी काम करण्याचा योग आम्हांला आला. तेथे रोज सकाळी मिस्साला येणाऱ्या एका वृद्ध भगिनीने तो प्रश्न आमच्यापुढे ठेवला, आणि त्याचे उत्तर देण्याची वेळ आली तेव्हा आम्ही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याविषयीच आज लिहीत आहोत.

ही भगिनी सत्तरीकडे झुकलेली. आयुष्यभर एका कार्यालयात कारकुनी केलेली, नवरा निवर्तलेला, मुलगा दूरच्या राज्यात. निवृत्तिवेतन जागच्या जागी राहिले आणि घरभाडे दरवर्षी वाढत गेले. अखेर भाडे भरावे की औषध घ्यावे, अशी वेळ आली तेव्हा तिने घर सोडले आणि जवळच्या पैशांतून एक जुनी व्हॅन विकत घेतली. आपल्याकडच्या टेम्पो ट्रॅव्हलरएवढी ती व्हॅन हेच तिचे घर होते.

एके दिवशी तिने मोठ्या अगत्याने आम्हांला ते घर दाखवले. फळ्यांची एक अरुंद खाट आणि खाटेखाली कपड्यांची व शिध्याची खोकी. एका कोपऱ्यात एका चुलीची शेगडी, पाण्याचा कॅन आणि झाकणाची बादली. टपावर सौर पट्टी, तिच्यावर भरणारी बॅटरी, त्या बॅटरीवर चालणारा लहानसा फ्रिज. खिडक्यांना आतून जाड पडदे. खाटेच्या डोक्याशी रोझरी आणि नवऱ्याचा फोटो. स्नानासाठी तिने व्यायामशाळेचे सभासदत्व घेतले होते. दिवसाचा उष्मा ती सार्वजनिक ग्रंथालयात काढी. थंडीच्या रात्रीही एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी लागते, हे तिनेच आम्हांला समजावून सांगितले. झोपलेल्या माणसाच्या श्वासातील बाष्प काचांवर जमते आणि अंथरुणाला बुरशी धरते. शिवाय बंद गाडीत शेगडी पेटवली तर विषारी वायूने झोपेतच मरण यायचे. तिच्या वहीत पै-पैचा हिशेब होता. आमच्या सेमिनरीतल्या काटकसरी प्रोक्युरेटर फादरांनीही तो पाहून मान डोलावली असती.

ही भगिनी एकटी नव्हे. अमेरिकेत अशा रीतीने राहणाऱ्यांचा एक समाजच उभा राहिला आहे. १९९०च्या दशकात बॉब वेल्स नावाचा अलास्कातील एक गृहस्थ घटस्फोटानंतर भाडे परवडेना म्हणून मालवाहू गाडीत राहू लागला. पुढे २००५ साली त्याने स्वस्तात गाडीत कसे राहावे याचे मार्गदर्शन सुरू केले आणि २०११पासून ॲरिझोनातील क्वार्टझाइट या वाळवंटी गावाजवळ अशा लोकांचा हिवाळी मेळावा भरवण्यास आरंभ केला. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्यात राहून २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावरील चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. त्या कथेच्या पार्श्वभूमीला नेवाडातील एम्पायर हे गाव आहे. तेथील जिप्समचा कारखाना २०११ साली बंद झाला, कामगार पांगले आणि गावाचा पिनकोडसुद्धा रद्द झाला. ज्यांचा पत्ताच पुसला गेला, ती माणसे मग चाकांवर राहू लागली.

हौसेने असे राहणारे तरुणही आहेत. त्यांच्या सुबक व्हॅनांची, उघड्या दारातून दिसणाऱ्या समुद्राची छायाचित्रे वाचकांनीही पाहिली असतील. त्यांच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. ज्याला परत जाण्यासाठी घर आहे, त्याचा प्रवास तो प्रवास. आमचा प्रश्न ज्यांना परतीची वाट उरलेली नाही त्यांच्याविषयी आहे.

भाडे वाचले म्हणजे चिंता सरली, असे आम्हांला प्रथम वाटले. त्या भगिनीने हसून हा भ्रम दूर केला. २०२२ सालच्या जून महिन्यात त्या देशात पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला ५ डॉलरच्या वर गेला होता. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरांहून थोडे अधिक. जुनी व्हॅन गॅलनला १५ मैल चालते असे धरले, तर ३०० मैलांच्या प्रवासाला १०० डॉलर झाले. त्यानंतर पेट्रोल काहीसे उतरले, पण २०२३ आणि २०२४ या वर्षांत वाहनाचा विमा झपाट्याने महागला. सौर पट्ट्या व बॅटऱ्या गेल्या दशकात स्वस्त झाल्या खऱ्या, पण टायर आणि मिस्त्रीची मजुरी स्वस्त झाली नाही. शिवाय साध्या घरातील माणसाची गाडी बिघडली तर गाडी गॅरेजमध्ये जाते. हिची गाडी बिघडली तर घरच गॅरेजमध्ये जाई. त्या रात्री झोपायचे कोठे?

म्हणून या मंडळींनी आपले जगणे पुनःपुन्हा नव्याने आखले आहे. गाडी थंड किंवा गरम ठेवण्यात इंधन जाळण्यापेक्षा ते हवामानाच्या मागे जातात. हजार मीटर वर चढले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. म्हणून हिवाळा क्वार्टझाइटच्या सखल वाळवंटात आणि उन्हाळा त्याच राज्यातील, २१०० मीटर उंचीवरच्या फ्लॅगस्टाफच्या आसपासच्या रानात, असा त्यांचा क्रम. क्वार्टझाइटजवळील सरकारी जमिनीवर सात महिन्यांच्या हंगामाचे शुल्क कित्येक वर्षे १८० डॉलर होते. इतरत्र बहुतेक सरकारी मोकळ्या जमिनीवर २८ दिवसांत १४ दिवस विनामूल्य राहता येते. नंतर मात्र हलावे लागते. पेट्रोल महागले तशी या लोकांनी आपली भ्रमंती कमी केली. वर्षाकाठी दोनच मोठे प्रवास, एरवी जवळच्या जवळ.

आमच्या परिचयातील भगिनीला तेवढेही जमत नव्हते. तिचे डॉक्टर, तिचे चर्च, तिच्या ओळखी त्याच शहरात. एकटीने रानात राहण्याचे वय राहिले नव्हते. मग ती शहरातच रोज रात्री नवा रस्ता शोधी. उशिरा येऊन दिवा न लावता झोपायचे आणि पहाटे लोक जागे होण्यापूर्वी निघायचे. एकाच गल्लीत लागोपाठ दोन रात्री थांबायचे नाही, हा तिचा नियम. एकदा ती म्हणाली, “फादर, माझ्या घराला चाके आहेत खरी, पण चालवायला पैसा नाही आणि थांबवायला परवानगी नाही.” भाड्याच्या जाचातून सुटलेली ही बाई परवानगीच्या जाचात सापडली होती.

कायद्यालाही हा पेच सुटलेला नाही. लॉस एंजलिस शहराने १९८३ साली वाहनाचा निवास म्हणून वापर करण्यास बंदी घातली होती. गाडीत जेवणे, डुलकी घेणे, पांघरूण ठेवणे, यांतील कोणती गोष्ट केली म्हणजे ‘राहणे’ झाले, हे त्या नियमातून कळत नाही, अशा कारणास्तव २०१४ साली तेथील संघीय अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला. उलट, २०२४ सालच्या २८ जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, निवारा नसलेल्यांनी सार्वजनिक जागी मुक्काम केल्याबद्दल शहराने दंड करणे, ही राज्यघटनेने निषिद्ध मानलेली क्रूर शिक्षा ठरत नाही. कायद्याने क्रूर नसलेली गोष्ट न्याय्य असतेच का, हे मात्र न्यायालय सांगत नाही. ते आपल्या विवेकबुद्धीला ठरवावे लागते.

आता आमची कबुली. एका रविवारी आम्ही प्रवचनात साधेपणाचा महिमा सांगितला आणि नाव न घेता या भगिनीचे उदाहरण दिले. किती थोडक्यात माणूस समाधानाने राहू शकतो, असे काहीसे बोललो. लोकांना प्रवचन आवडले. मिस्सा संपल्यावर ती भेटायला आली. रागावली नव्हती. तिने एवढेच विचारले, “चर्चचे वाहनतळ रात्री रिकामे असते. नऊपासून सहापर्यंत मी तेथे थांबले तर चालेल का?”

आम्ही तो प्रश्न धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळापुढे ठेवला. मंडळातील माणसे दुष्ट नव्हती. विम्याचे काय, शेजाऱ्यांनी तक्रार केली तर काय, आज एक आली तर उद्या वीस येतील, सांडपाण्याची व्यवस्था कोण पाहणार, असे प्रश्न निघाले. ते खोटे नव्हते. विषय पुढील बैठकीवर ढकलला गेला. आम्ही पाहुणे, चार आठवड्यांनी परतणारे. आपण कशाला वाईटपणा घ्यावा, असा विचार करून आम्ही काहीच बोललो नाही. पुढील बैठकीपूर्वीच ती भगिनी मिस्साला येईनाशी झाली. ती कोठे गेली, कोणालाच ठाऊक नव्हते.

तेव्हापासून एक गोष्ट आमच्या मनाला टोचत राहिली आहे. तिच्या काटकसरीची आम्ही जी स्तुती केली, तिच्यासाठी आम्हांला काहीच मोजावे लागले नाही. तिने जागा मागितली तेव्हा मात्र मोजावे लागणार होते, आणि तेथेच आमची वाचा बसली. दुसऱ्याच्या सोसण्याला सद्गुण म्हटले की, ते सोसणे कमी करण्याच्या कर्तव्यातून आपण सुटतो. धर्मोपदेशकाच्या वाट्याला येणारा हा फार सोयीचा मोह आहे.

ख्रिस्तसभेने ऐच्छिक दारिद्र्याचा गौरव केला आहे, हे खरे. अठराव्या शतकातील संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्रे यांना मठांनी स्वीकारले नाही. तेव्हा ते यात्रेकरू होऊन युरोपभर पायी हिंडले आणि रोममध्ये कोलोसियमच्या पडक्या भिंतींच्या आश्रयाला झोपले. १७८३ साली त्यांचे निधन झाले व १८८१ साली त्यांना संतपद मिळाले. परंतु त्यांनी ती वाट प्रार्थनेतून निवडली होती. आमचे संन्यस्त बंधुभगिनी दारिद्र्याचे व्रत घेतात, तेव्हाही त्यांच्या डोक्यावर मठाचे छप्पर असते आणि आजारपणात बघणारे कोणी असते. व्रत हे स्वतःहून घ्यावयाचे असते. भाडे वाढवून ते कोणावर लादता येत नाही. लादलेल्या दारिद्र्याला व्रताची वस्त्रे चढवणे हा व्रताचाही अपमान आहे आणि दरिद्री माणसाचाही.

मग पाळकीय मंडळाच्या शंकांचे काय? त्यांना कॅलिफोर्नियातच उत्तर आहे. सांता बार्बरा येथे २००४पासून ‘सुरक्षित पार्किंग’चा उपक्रम चालू आहे. चर्चची, संस्थांची, सरकारी कार्यालयांची रात्री रिकामी राहणारी वाहनतळे गाडीत राहणाऱ्यांसाठी खुली केली जातात. नावनोंदणी होते, नियम असतात, एका ठिकाणी थोड्याच गाड्या ठेवल्या जातात आणि पक्क्या घराकडे परतण्यासाठी मदत केली जाते. पुढे इतर शहरांनीही हा कित्ता गिरवला. म्हणजे शंका खऱ्या असल्या तरी न सुटणाऱ्या नव्हत्या. त्या सोडवण्याची तसदी घ्यावयाची होती. अर्थात वाहनतळ म्हणजे घर नव्हे, हेही विसरता कामा नये. रात्रीची जागा देऊन भाड्याचा प्रश्न सुटत नाही. पण उपाय अपुरा आहे म्हणून तो करूच नये, हा तर्क ज्याला रात्री झोप मिळते त्यालाच सुचतो.

दूरच्या देशाची ही कथा वाचून कोणी स्वतःला निर्दोष समजू नये. स्थिर माणसाला फिरत्या माणसाचा संशय येतो, हे आपल्या भूमीतही घडले आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली पुसला गेला. पण गावाबाहेर पाल पडले की आपण आजही दाराला दुहेरी कडी घालतोच ना?

१९८७ या निवाऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वर्षी परमपीठाच्या ‘न्याय आणि शांती’ आयोगाने बेघरांविषयी एक दस्तऐवज तयार केला. स्वतःचा दोष नसताना ज्याला योग्य निवारा मिळत नाही, तो अन्यायाचा बळी आहे, असा त्याचा आशय आहे. त्यात ‘अन्याय’ हा शब्द आहे, ‘दुर्दैव’ नव्हे. दुर्दैवाबद्दल हळहळले की भागते. अन्याय म्हटला की आपला त्यात वाटा किती, हे विचारावे लागते.

इस्राएलची प्रजा रानात फिरत होती तेव्हा परमेश्वराचे निवासस्थानही तंबूतच होते. तिचा मुक्काम हलला की तेही हले. हे आम्ही सेमिनरीत शिकलो आणि पुढे अनेकदा शिकवले. तरीही एका रिकाम्या वाहनतळावर एक व्हॅन उभी राहू द्यावी, एवढे साधे वाक्य त्या बैठकीत आमच्या तोंडून निघाले नाही. आमच्या सध्याच्या धर्मग्रामातही चर्चचे आवार मोठे आहे आणि रात्री त्याचे फाटक बंद असते. फाटकाला कुलूप लावताना ती वृद्ध भगिनी आम्हांला आठवते. आता कोणी विचारले, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता उत्तर द्यावयाचे, एवढे आम्ही ठरवले आहे.