नक्कल केलेलें गीत

आटगांवाकडील खेड्यांत एकाच्या मोबाइलमधून दुसरा गीत उतरवून घेतो. धन्याचें तर कांहींच उणें होत नाहीं. मग ही चोरी कशी, असें कित्येक बंधु पुसतात. प्रश्न रास्त आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालीं वारले. आपल्या कायद्याप्रमाणें कवीचा हक्क त्याच्या मरणानंतर ६० वर्षेंच चालतो, म्हणून त्यांचीं पदें आतां सर्वांचीं झालीं. तीं खुशाल गावीं, वहींत लिहून घ्यावीं. परंतु त्याच पदाच्या नव्या ध्वनिमुद्रणांत गाणाऱ्याचे व वाजविणाऱ्याचे श्रम आहेत. भाताची आवणी करणाऱ्या बाईपासूनही शेताचा धनी कांहीं हिरावून नेत नाहीं. तरी तिची मजुरी बुडाली तर आम्ही गप्प बसत नाहीं. ज्यानें आपलें गीत फुकट वांटावयास दिलें, त्याची गोष्ट अर्थात् निराळी.