मीठ जास्त झालंय

माणसाला मान द्यायचा तो त्याच्या कामाला, की नावाला? हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात भेटला नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. तो भेटला कराडजवळच्या एका लग्नात, चुलवणाच्या धुरात.

लग्न भावकीतलं. माझ्याकडं कोठी सोपवलेली. तेल, मीठ, साखरेच्या खोलीची किल्ली ज्याच्या कमरेला असते, त्याच्या अंगात तेवढ्या दिवसापुरती पाटीलकी शिरते. माझ्याही शिरली. सकाळीच आचाऱ्याच्या एका पोऱ्याच्या हातून तेलाचा डबा कलंडला, तर मी त्याला चारचौघांत नको नको ते बोललो. पोरगं मान खाली घालून फडक्यानं तेल टिपत राहिलं.

दुपारी भटारखान्यात फेरी मारली. आमच्या कराड-इस्लामपूर पट्ट्यात अख्खा मसूर म्हणजे जिव्हाळ्याचा विषय. ढाब्यावर तो बिघडला तर माणूस ताटावरनं उठतो. पातेल्याशी एक चाळिशीचा गडी उभा होता. खांद्यावर पंचा, हातात मिठाची वाटी. मी पळीनं रस्सा तळहातावर घेतला, चाटला आणि कडाडलो, "आरं ए, मीठ किती घातलंयस? समुद्र आणलास व्हय हितं? सर बाजूला. कांदा चिरायला बस जा."

गडी एक शब्द बोलला नाही. पोत्यावर बसला आणि कांदा चिरायला लागला. असा सरसर, एकसारखा, की आचारीसुद्धा हातातलं काम सोडून बघत राहिला. मला वाटलं, पोरगं कामाचं आहे. म्हटलं, "हात बरा हाय रं तुझा. कुठं शिकलास?"

"आईजवळ. मग हॉटेलात."

"टिकून ऱ्हा. चार वर्सांत आचारी होशील."

तो हसला. तेवढ्यात माझी नात दोन मैत्रिणींना घेऊन पळत आली आणि किंचाळलीच, "आबा! हे टीव्हीवरचे!" नवरीच्या मामाचे ते मित्र. आमचा मसूर कसा करतात ते बघायला हौसेनं आत आले होते. बघता बघता फोटोला रांग लागली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. हात जोडून म्हणालो, "साहेब, माफी असावी. वळखलं न्हाई." आणि पाप झाकायला पुन्हा पळी बुडवली, चव घेतली आणि म्हणालो, "मीठ तर अगदी बेताचं हाय की!"

ते कांद्यानं डोळे पुसत म्हणाले, "आबा, मघाशी खरं बोलला होता. मीठ माझ्याच हातून जास्त पडलं." मग शिजवलेला आळणी मसूर त्यात ओतायला लावून त्यांनी चव सारखी केली.

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री झोप येईना. मीठ तेवढंच होतं, जीभ तीच होती. बदललं होतं ते समोरच्याचं नाव. पोऱ्या समजून मी खरं बोललो, पण अपमान करून. मोठा माणूस समजून मान दिला, पण खोटं बोलून. म्हणजे माझ्याकडं खरं आणि मान या दोन गोष्टी एका वेळी एकाच माणसाला द्यायला नव्हत्याच. आणि ज्यांची माफी मागितली, त्यांना तिची गरज नव्हती. ज्याला होती ते तेलाचं पोरगं. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. सकाळी उठून गेलो, तर आचाऱ्याचा टेम्पो पुढच्या लग्नाला निघून गेलेला.

आम्ही ऊसवाले काट्याच्या नावानं जन्मभर ओरडतो. काटा सगळ्यांना सारखा पाहिजे, संचालकाच्या उसाला एक आणि आमच्या उसाला एक नको. बरोबरच आहे. पण आपल्या जिभेला काटा बसवला, तर तो किती जणांना सारखा भरेल?

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले. १९७० साली त्यांचं 'रुचिरा' आलं. त्यांनी मापं दिली ती वाटी-चमच्याची, कुणाच्याही घरात सापडतील अशी. वाटी सासूच्या हातात असो की नव्या सुनेच्या, माप तेच. अंदाज माणूस बघून बदलतो, वाटी बदलत नाही. शहाणपण आहे ते एवढंच.

घरी आल्यावर हा किस्सा मी बायकोला रंगवून सांगितला. ती पोट धरून हसली. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, चाळीस वर्सं माझ्या कालवणातलं मीठ काढताय. मी टीव्हीवर दिसले असते, तर बेताचं झालं असतं व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी कालवणात खरंच मीठ जास्त होतं. मी तिला तसं सांगितलं, पण आवाज खाली ठेवून, आणि तिच्याकडं बघून. ती म्हणाली, "थांबा, बटाटा घालते." चाळीस वर्षांत पहिल्यांदा मिठावरनं आमच्यात भांडण झालं नाही.

त्या पोराचं मात्र देणं राहिलंच. आता कुठल्याही लग्नात गेलो, की आधी भटारखान्यात जाऊन पोऱ्यांची नावं विचारतो. एखाद्या दिवशी तो भेटेल.