कौशिकाचे सत्य

मारेगाव तालुक्यात एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली म्हणजे प्रथम पोलिसांचा पंचनामा, मागाहून तलाठ्याची चौकशी, आणि प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे ‘पात्र’ ठरलेच तर वारसाला शासनाचे एक लाख रुपये, असा क्रम आता रूढ झाला असून, या साऱ्यांच्या पाठोपाठ वही घेऊन येणारा संशोधक हा त्यातील सर्वांत कमी जबाबदारीचा पाहुणा होय. तलाठ्याला निदान वरिष्ठ जाब विचारतात. कर्ज किती, सावकाराचे किती, दारू होती काय, हेच प्रश्न संशोधकही विचारतो. आणि आपल्या उत्तरावर ‘पात्र-अपात्र’ अवलंबून आहे अशा समजुतीने जी विधवा संमतिपत्रावर अंगठा उठवते, तिने संमती दिली असे कोणत्या तोंडाने म्हणावे? कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, नाईकाने मान डोलावली की काम भागले असेही पुष्कळांना वाटते. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समाजप्रमुखाचा होकार व्यक्तीच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही.

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नामक तपस्व्याची कथा सांगतो. सदैव सत्यच बोलेन असे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाने, लुटारूंच्या भयाने रानात दडलेल्या माणसांचा ठावठिकाणा त्याच लुटारूंना बिनचूक सांगितला, माणसे मारली गेली, आणि व्रत अभंग राखूनही त्याच्या वाट्याला नरक आला. माझ्या मते कौशिकाचा खरा दोष असा की, जे ज्ञान इतरांच्या जिवाशी बांधलेले होते, त्याला त्याने आपल्या व्रताची खाजगी मालमत्ता मानले. वही घेऊन येणारा संशोधकही तेच करतो.

नाव बदलले म्हणजे या दोषाचे परिमार्जन झाले, हा विद्यापीठीय भ्रम आहे. समजा, ‘मारेगाव तालुका, कोलाम विधवा, चार एकर कोरडवाहू, दोन मुली, नवरा दारू पीत असे’ एवढे छापले, तर तीस-चाळीस घरांच्या पोडात ती कोण हे शेंबडे पोरही सांगेल. आणि मुलींच्या सोयरिकीच्या वेळी तेच वाक्य पुढे येईल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, माहितीच्या आधारे त्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय होणार नसेल व विहित मानके पाळली जातील तर, संशोधनाला सवलत दिली आहे. परंतु सोयरीक मोडणारे पाहुणे कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. अमेरिकेतील हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी दिलेले रक्त ॲरिझोनाच्या विद्यापीठात भलत्याच शोधांना वापरले गेले, तेव्हा २०१० मध्ये भरपाईसह नमुने परत द्यावे लागले. रक्त निदान परत देता आले. छापलेले वाक्य कोण परत घेणार?

तालुक्याचे नाव गाळून ‘विदर्भातील एक तालुका’ असे लिहिल्याने निष्कर्षाचे काय बिघडते, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही. मुलींची संख्या निष्कर्षाला लागत नसेल तर ती लिहूच नये. लागत असेल तर छापण्यापूर्वी तो मजकूर त्या विधवेला तिच्या बोलीत वाचून दाखवावा, ती नको म्हणेल ते वाक्य खोडावे, आणि त्यामुळे प्रबंध चार पानांनी आखूड झाला तर विद्यापीठाने तो तसाच दप्तरी दाखल करून घ्यावा.