लिहायचं बाकी

एका तालुक्याच्या गावी छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. माणसं पाच-सहा. त्यांचा प्रोग्रॅम आसपासच्या दूध डेअऱ्यांत चालायचा. शेतकऱ्याने दूध घातलं की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांवरून दरपत्रकातला भाव काढायचा, पावती द्यायची आणि दर दहा दिवसांनी बिल करायचं, एवढं त्याचं काम.

कंपनीत प्रत्येक कामाचं तिकीट असे. काम कोणी मागितलं, कोण करतंय, तपासून झालं का, सगळं त्यावर. तिकीट बंद झालं की काम संपलं. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या ताई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत. डेअऱ्यांचे फोनही त्याच घेत. प्रोग्रॅममध्ये काय बदललं, हे त्यांना बहुधा फोनवरच कळे.

एकदा डेअऱ्यांनी मागणी केली, नवा दर ठरलेल्या तारखेपासून आपोआप लागू व्हावा. एका हुशार पोराने ते करून दिलं. दूध दोन वेळा येतं, म्हणून तारखेशेजारी त्याने बारीकसा रकाना ठेवला : सकाळ की संध्याकाळ. रकाना रिकामा राहिला तर नवा दर संध्याकाळपासून धरायचा, हेही त्यानेच ठरवून टाकलं. तिकीट बंद झालं.

पुढे दर वाढला. एका डेअरीच्या सचिवांनी तारीख टाकली, रकाना त्यांच्या नजरेतच आला नाही. सकाळी ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या दुधाला कालचाच भाव छापून आला. पावती हातात धरून माणसं काउंटरवरून हलेनात. सचिवांचा फोन आला, "ताई, तुमचा प्रोग्रॅम शेतकऱ्याचे पैसे खातोय!"

ताईंना रकान्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी पोराला विचारलं.

"प्रोग्रॅममध्ये चूक नाही. रकाना भरायला हवा होता."

"हे त्यांना कोणी सांगितलं?"

पोरगा काही बोलला नाही. दिवसभर सगळे मिळून पावत्या दुरुस्त करत बसले.

कंपनी चालवणारे सर म्हणाले, "काय काय लिहायचं राहिलं, त्याची एक वेगळी यादी करू." यादी झाली. थोडे दिवस ती नेमाने भरली, मग वाढतच गेली आणि कोणी उघडेना. तिच्यात एक ओळ होती, 'दरपत्रकाचं लिहायचं'. कोणत्या दरपत्रकाचं, ते ओळ लिहिणाऱ्यालाही आठवेना. तिकिटं मात्र भराभर बंद होत होती.

ताई म्हणाल्या, "यादी नको. तिकिटावरच एक चौकोन द्या, 'लिहायचं बाकी'. त्यात खूण असेल तोवर तिकीट बंद करायचं नाही."

सरांना आठवलं. "जँगो नावाचं वेब-फ्रेमवर्क बनवणारे असंच करतात. तिकिटावर तशी खूणच असते. माहिती लिहून पुरी झाल्याशिवाय नवी सोय कोडमध्ये घेत नाहीत. ती माणसं जगभर विखुरलेली. आपण तर एका खोलीत बसतो."

"लिहीत बसलो तर कोड कधी करू?" पोरगा कुरकुरला. पण चौकोन आला.

त्याचं पुढचं काम पशुखाद्याच्या उधारीचं होतं. कोड झाला, तपासून झाला. चौकोनातली खूण काढायची म्हणून तो लिहायला बसला. 'बिलातून आधी उधारी वजा होते.' मग पुढचं वाक्य, 'बिल उधारीपेक्षा कमी असेल तर...' इथे तो अडला. कोड उघडून पाहिला. तसं झालं असतं, तर शेतकऱ्याच्या हातात उणे रकमेचं बिल पडलं असतं. त्याने आधी कोड सुधारला, मग वाक्य पुरं केलं.

लिहिणं टाळावं असं त्या कंपनीत कोणाच्याच मनात नव्हतं. पण कामापासून तोडून यादीत टाकलेलं लिहिणं कोणाचंच राहिलं नव्हतं. तिकिटावर आलं तेव्हा ते करणाऱ्याचं झालं, आणि तेही सगळं डोक्यात ताजं असताना.

पोराने मजकूर ताईंकडे नेला. ताईंनी चष्मा सारखा केला. "'उर्वरित रक्कम पुढील देयकात समायोजित होईल.' हे कोणाला कळणार रे? 'राहिलेले पैसे पुढच्या बिलात कापू' असं लिही."

त्याने तसं लिहिलं. मग पावतीवरही तोच जडशीळ शब्द होता हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने त्याचं नवं तिकीट काढलं.