राक्षसाचा कर्ता

स्वतःच्या हातून घडलेल्या अनर्थाकडे मनुष्यास सरळ दृष्टीने पाहवत नाही. तो त्या अनर्थाला विक्राळ जबडा, नखे व शेपूट देतो, आणि मगच त्याजकडे पाहण्याचे धैर्य त्यास होते. असे रूप देणे म्हणजे सत्यास सामोरे जाणे होय, की आपले पाप राक्षसाच्या माथी मारून मोकळे होणे होय? या प्रश्नाचा विचार करण्यास जपानी चित्रपटांतील ‘गोजिरा’ या महाकाय प्राण्याचे चरित्र फार उपयोगी आहे. गोरिला आणि ‘कुजिरा’, म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या संयोगाने त्याचे नाव बनले. बाहेरच्या जगाने त्याचे ‘गॉडझिला’ केले. पडद्यावरील राक्षस हा गंभीर विवेचनाचा विषय कसा, अशी ज्यांस शंका येईल, त्यांनी अंमळ धीर धरावा एवढीच आमची विनंती आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी या प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला. त्याची विषारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेचे नाव ‘दाइगो फुकुर्यू मारू’. त्यात ‘भाग्यवान ड्रॅगन’ असा अर्थ होता, हा दैवाचा केवढा उपहास! तिजवरील तेवीसही खलाशी आजारी पडले व त्यांपैकी बिनतारी यंत्र चालविणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरात मरण पावले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला तोहो कंपनीचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. निर्माते तोमोयुकी तानाका, दिग्दर्शक इशिरो होंडा. एइजी त्सुबुराया यांच्या योजनेने एक नट जड पोशाख अंगावर चढवून लहानशा बनविलेल्या टोकियो नगरीतून चालला, आणि प्रेक्षकांस पन्नास मीटर उंचीचा प्राणी राजधानी जाळीत असलेला दिसला. चित्रपटाचा आरंभच समुद्रात अकस्मात पेटणाऱ्या एका जहाजाने होतो. त्याचा अर्थ कोणास सांगावा लागला नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. राक्षस समुद्रातून आला म्हणजे सर्वांचीच सोय होते. ज्या राष्ट्राने स्फोट केले त्याजवर थेट ठपका येत नाही. आणि ज्या राष्ट्राने दहा वर्षांपूर्वी चीन व आग्नेय आशिया यांत हाहाकार माजविला, ते जपान केवळ निरपराध बळी म्हणून पडद्यावर उभे राहते. स्वतः होंडा सैनिक म्हणून चीनमध्ये राहून आले होते, आणि परत येताना त्यांनी हिरोशिमाचे भस्म पाहिले होते. चित्रपटात ते भस्म दिसते. चीन दिसत नाही. शोक कितीही खरा असला तरी तो असा अर्धाच सांगितला, तर त्यास पूर्ण सत्य म्हणता येईल काय?

तथापि पहिल्या चित्रपटाचे श्रेय आम्ही यासाठी मानतो की, कथा शेवटी राक्षसापाशी न थांबता मनुष्यापाशी परत येते. सेरिझावा नावाच्या तरुण शास्त्रज्ञास पाण्यातील प्राणवायू नष्ट करणारे एक भयंकर साधन सापडले आहे. ते वापरले तर गोजिरा मरेल. परंतु एकदा जगाने ते पाहिले की सत्ताधारी त्याचे अस्त्र बनविल्यावाचून राहणार नाहीत. अखेर जळलेल्या नगरीचे हाल व मुलींची शांतिप्रार्थना पाहून तो तयार होतो. मात्र आधी तो आपली सर्व टिपणे जाळतो, आणि समुद्रतळी साधन वापरताच आपली श्वासनळी कापून त्या विद्येसह स्वतःही नष्ट होतो. त्याचे मरण आम्हास अनुकरणीय वाटत नाही. एकाने जाळलेली विद्या दुसऱ्यास सापडतेच. परंतु “मी जे निर्माण केले त्याचा जाब मजकडे आहे” ही त्याची भूमिका मात्र निःसंशय थोर आहे. चित्रपटाच्या अखेरीस वृद्ध पुराजीवशास्त्रज्ञ यामाने हेच बजावतो: स्फोट चालूच राहिले तर असला दुसरा प्राणी कोठेतरी प्रगट होईल.

पुढे काय झाले? १९५६ साली अमेरिकेत जी आवृत्ती दाखविली, तीत एक अमेरिकन वार्ताहर नव्याने घातला आणि यामानेचा तो इशारा गाळला. जपानातही तोच प्रकार निराळ्या वाटेने घडला. १९६४ पासून गोजिरा पृथ्वीचा रक्षणकर्ता होऊ लागला. १९६७ साली त्यास पुत्र मिळाला. २०१५ साली टोकियोच्या शिंजुकू विभागाने त्यास पर्यटनदूत नेमले. मुलांनी राक्षसाशी खेळावे यात आम्हास काही वावगे दिसत नाही; भय पचविण्याची ती जुनीच रीत आहे. दुःख इतकेच की, खेळता खेळता राक्षस उरला आणि त्याचा कर्ता विसरला गेला.

परंतु कर्ता फार काळ लपत नाही. १९७१ च्या चित्रपटात कारखान्यांच्या मळीतून दुसरा राक्षस उपजला. २०११ च्या फुकुशिमा येथील दुर्घटनेनंतर, २०१६ साली निघालेल्या ‘शिन गोजिरा’त राक्षसाइतकाच वेळ मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या बैठकांना दिला आहे: नगरी जळत असता निर्णय कोणी घ्यावा हेच ठरत नाही! २०२३ च्या ‘गोजिरा मायनस वन’ मध्ये तर आत्मघातकी हल्ल्यातून परत आलेला एक वैमानिक नायक आहे; आपल्या राज्याने युद्धात आपल्याच माणसांचे प्राण कवडीमोल मानले, असा उघड दोष तेथे दिलेला आहे; आणि हा नायक, सेरिझावाप्रमाणे न मरता, जगतो. दुसऱ्यांच्या प्राणांचा हिशेब मात्र अजून बाहेरच राहिला आहे.

आपल्याकडील भस्मासुराची कथा घ्या. तीत असुराचे नृत्य जितके लक्षात राहते, तितकेच त्याला वर कोणी दिला हेही राहते. आमच्या मते भयाला रूप देणे हे पाप नव्हे. रूपाआड वर देणाऱ्याचे नाव लपविणे हे पाप होय. राक्षसाची कथा मुलांस अवश्य सांगावी. परंतु “हा कोठून आला?” असे मुलाने विचारले, तर “समुद्रातून” एवढेच उत्तर देऊन थांबू नये.