सापडलेल्या पैशाचा मालक

चौतीस वर्षं मी कोर्टात नोकरी केली, त्यातली बहुतेक बेंच क्लार्क म्हणून. पुकारा झाला की आरोपी पिंजऱ्यात येऊन उभा राहायचा. नाव, वय, धंदा कागदावर चढायचा. धंदा बहुधा साधाच: गवंडी, ड्रायव्हर, हमाल. हा माणूस पिंजऱ्यापर्यंत कसा येऊन पोचला, ते त्या रकान्यात मावायचं नाही.

लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा तिने मला ‘अक्यूज्ड’ ही बीबीसीची जुनी मालिका लावून दिली. २०१० साली सुरू झालेली. पहिल्याच भागात मी खुर्चीत सरसावून बसलो. कोर्टाच्या खालच्या कोठडीतून आरोपी पायऱ्या चढून वर येतो, आणि तिथून गोष्ट मागे जाते. पोलिसांचा तपास जवळजवळ नाहीच. गुन्हा कसा घडला ते बघायचं आणि शेवटी निकाल ऐकायचा. प्रत्येक भागात आरोपी वेगळा.

पहिला आरोपी विली हुलिहान, धंदा प्लंबर. ख्रिस्तोफर एकल्स्टनने तो असा उभा केलाय की मालिकेला आणि त्याला २०११ साली आंतरराष्ट्रीय एमी मिळालं याचं नवल वाटत नाही. विली काही संत नाही. बायकोला सोडून दुसरीकडे जायचं त्याने ठरवलंय. ते सांगायच्या वेळेलाच मुलीचं लग्न ठरल्याची बातमी येते. ज्या ठेकेदाराचं काम केलं तो बुडतो, विलीचे पैसे अडकतात. लग्नाचा खर्च तोंडावर. आणि अशात टॅक्सीच्या मागच्या सीटवर त्याला एक पाकीट सापडतं. आत वीस हजार पौंड.

निकाल सांगत नाही, ज्याचा त्याने बघावा. मी अडकलो तो पाकिटापाशी. अडचणीतल्या माणसापुढे नेमकी अडचणीएवढी रक्कम येऊन पडली, तर ती कुणी पाठवली म्हणायचं? मालिका लिहिणारे जिमी मॅकगव्हर्न लिव्हरपूलच्या कॅथलिक घरात वाढले. हा प्रश्न त्यांना नवा नसणार. मलाही नव्हता.

आमच्याकडे कीर्तनात राका-बांकाची कथा सांगतात. पंढरपूरचं गरीब जोडपं रानात लाकडं गोळा करायला निघालेलं. देव त्यांच्या वाटेवर सोनं टाकतो. पुढे चाललेला राका ते बघतो आणि बायकोला मोह नको म्हणून त्यावर माती लोटतो. मागून आलेली बांका विचारते, मातीवर माती कशाला टाकता? इथे श्रोते माना डोलावतात. मीही डोलावली आहे. पण कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाच्या मनात एक शंका येतेच: त्या सोन्याला मालक नव्हता. ते देवानेच टाकलेलं. राकाने उचललं असतं तर फार तर त्याचं वैराग्य उणं पडलं असतं, दुसऱ्या कुणाच्या घरची चूल विझली नसती. टॅक्सीतल्या पाकिटाला मात्र कुणीतरी मालक असतो.

कायद्याला हे बरोबर कळलेलं आहे. इंग्लंडच्या १९६८च्या चोरीच्या कायद्यात एक बारकावा आहे: वाजवी प्रयत्न करूनही मालक सापडणार नाही अशी ज्याची प्रामाणिक समजूत असेल, त्याचं घेणं अप्रामाणिक धरत नाहीत. आमच्या दंड संहितेचा मसुदा १८३७ साली मेकॉलेच्या आयोगाने केला आणि ती १८६० साली मंजूर झाली. तिच्या कलम ४०३ मध्ये सापडलेल्या वस्तूंची उदाहरणंच दिली होती. रस्त्यावर रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, उचलला, तर एवढ्याने गुन्हा नाही. पण पत्रात नोट सापडली, पत्रावरून मालक कळला आणि तरी नोट ठेवून घेतली, तर गुन्हा. १ जुलै २०२४ पासून ते कलम न्याय संहितेत ३१४ झालं. आकडा बदलला, प्रश्न तोच राहिला: मालक शोधलास का?

आता माझी गोष्ट. १९९३ सालची. लेकीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते आणि सोसायटीचं कर्ज मंजूर होईना. एका संध्याकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात, बाकाखाली, गाठ मारलेला रुमाल दिसला. आत दोन हजार तीनशे रुपये आणि घडी घातलेली एक चिठ्ठी. मी घरी आलो, रुमाल देव्हाऱ्यात दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवला आणि हात जोडले. बायकोने विचारलं, “कुणाचे हो हे?”

“दत्तगुरूंनी पाठवले म्हण.”

“मग त्यांनाच विचारा,” ती म्हणाली, “कुणाच्या खिशातून काढून पाठवले.”

रात्रभर मी ती चिठ्ठी उघडली नाही. उघडायची गरजच नव्हती. पक्षकारांना पुढची तारीख लिहून देतो, तसली चिठ्ठी होती ती. घडीतून दाव्याचा नंबर डोकावत होता आणि अक्षर माझं होतं.

तेव्हा जे उमगलं, ते विलीला बघताना पुन्हा आठवलं. “देवाने दिलं” असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात कृतज्ञता थोडीच असते. आपण मालकाच्या रकान्यात देवाचं नाव लिहून मोकळे होतो. एकदा ते लिहिलं की खरा मालक शोधायला नको. नास्तिक माणूस निदान स्वतःच्या नावावर चोरी करतो. मी तर दत्ताला मुद्देमाल सांभाळायला बसवलं होतं.

विलीची बाजू मला कळत नाही असं नाही. ठेकेदार बुडाला तर तो दिवाळखोर ठरतो, आरोपी नाही. बायकोला फसवण्याचंही कलम नाही. त्याचं नुकसान आणि त्याचं पाप, दोन्ही पिंजऱ्याबाहेरच राहतात, आत येतं फक्त पाकीट. हा हिशेब अपुरा आहे आणि तो पुरा करणारं कोर्ट मी तरी पाहिलेलं नाही. पण आपलं येणं बुडालं म्हणून टॅक्सीत पाकीट विसरून गेलेल्या अनोळखी माणसाकडून ते वसूल करायचं, हे कुठल्या देवाच्या वहीत बसतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुमाल नाझरांकडे जमा केला आणि चिठ्ठीवरून निरोप धाडला. दुपारी म्हातारा आला. वाटणीच्या दाव्यातला, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. त्याने दोनदा नोटा मोजल्या. पुऱ्या भरल्या. मला वाटलं, आता हात जोडेल.

“कवा घावलं?” त्याने विचारलं.

“काल संध्याकाळी.”

“मंग रातभर कुठं हुतं?”

पिंजऱ्यातल्या माणसाला वकील असतो. मी टेबलाच्या अलीकडे होतो. मी पुढच्या दाव्याचे कागद वर घेतले.