आधीचं दालन

होलोकॉस्टशी आपली ओळख बहुधा शेवटापासून होते: काटेरी तारा, पट्ट्यांचे कपडे, प्रेतांचे ढीग. यातली कितीतरी छायाचित्रं मारणाऱ्यांनीच काढलेली आहेत. साठ लाख ज्यू मारले गेले, आणि त्यांच्याकडे आपण आजही मारेकऱ्यांच्या कॅमेऱ्यातून पाहतो, हे मला सहन होत नाही. म्हणूनच संहाराआधीचं ज्यू जगणं मांडणारं दालन मला कधी प्रस्तावना वाटलं नाही. पुढची सगळी दालनं त्याच्याच आधारावर उभी असतात.

वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय १९९३ साली उघडलं. तिथे एक उंच मनोरा आहे, भिंतीभर माणसांच्या फोटोंचा. सुमारे हजार फोटो, सगळे एशिशोक या एकाच गावचे. हे गाव आज लिथुआनियात आहे. याफा एलियाख यांनी ते जमवले. त्यांचे आजी-आजोबा गावचे फोटोग्राफर. लग्नं, शाळेतली मुलं, सहली, नटूनथटून कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली कुटुंबं. सप्टेंबर १९४१मध्ये, दोन दिवसांत, इथलं सुमारे नऊशे वर्षांचं ज्यू जीवन गोळ्या घालून संपवलं गेलं.

अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागणाऱ्या मैंदर्गीसारख्या, मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या गावात बसून या मनोऱ्याचा विचार केला की त्याची खरी ताकद कळते. लहान गावात चेहरा कधी नुसता चेहरा नसतो. तो कुणाचा तरी धाकटा असतो, कुणाची सून असते. कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, तेही सगळ्यांना ठाऊक असतं. आकड्यात हे नातं पुसलं जातं. मनोरा ते परत जोडतो.

अर्थात, आधीचं जगणं गोड करून मांडण्याचा धोका असतोच. बळी गेलेली माणसं भोळी, एकदिलाची होती असं भासवणं हाही अन्यायच. युरोपातल्या ज्यूंत धार्मिक होते, नास्तिक होते, समाजवादी होते, पॅलेस्टाइनला जाऊ पाहणारे होते, आणि ते एकमेकांशी कडाडून भांडत. वॉर्सॉच्या घेट्टोत इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांना हे नेमकं उमगलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी चोरून दप्तर जमवलं: रोजनिशा, मुलांचे निबंध, शिधापत्रिका, अगदी ट्रामची तिकिटं आणि गोळ्या-चॉकलेटचे कागदसुद्धा. ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. काही भाग १९४६मध्ये सापडला, काही १९५०मध्ये. उपासमारीतही ज्यांनी आपला इतिहास स्वतः लिहायचं ठरवलं, त्यांना नुसतं असहाय कसं म्हणायचं?

हा इतिहास आपल्यापासून फार लांबचा आहे, असं मानायचं कारण नाही. आकाशवाणीची संकेतधून आपण वर्षानुवर्षं पहाटे ऐकली. ती बांधल्याचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. कार्ल्सबादला जन्मलेले हे ज्यू संगीतकार १९३४मध्ये मुंबईत आले आणि पुढे मुंबई आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागले. त्यांची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची भाची. काफ्काच्या तिन्ही बहिणी होलोकॉस्टमध्ये संपल्या. गेर्टीची आई एली त्यांतलीच. तिला १९४१मध्ये लोद्झच्या घेट्टोत नेलं.

संहाराचं प्रदर्शन महाराष्ट्रात कुठे मांडलं गेलं, तर त्याची सुरुवात छावणीच्या फाटकापासून करू नये. आधी कोकणातल्या बेने इस्रायलांचं मराठी घर दाखवावं, म्हणजे ज्यू म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच भाषेत बोलत आलेला शेजारी, हे पाहणाऱ्याला कळेल. मग एशिशोकचे फोटो. मग ती धून ऐकवावी, आणि तिच्या पाटीवर कॉफमन यांच्यासोबत त्यांच्या सासूबाईंचंही नाव लिहावं.